टिकाऊ वस्तू, सुई आणि स्वाभिमान

निवासी विद्यालयात जून महिन्यात नवा विद्यार्थी दाखल होतो, तेव्हा त्याच्याबरोबर ठरावीक सामान असते. पत्र्याची पेटी, तिचे कुलूप, ताट-वाटी-तांब्या, अंथरुणाची वळकटी, एखादे पांघरूण, बॅटरी आणि दप्तर. घर सोडून राहावयाचे, उघड्यावर हिंडावयाचे, पाऊस-थंडीला स्वतः तोंड द्यावयाचे, यासाठी माणसाला लागणारे हे पहिलेवहिले सामान होय. या सामानापैकी दहा वर्षांनंतर किती वस्तू उरतात, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि त्याचा आपल्या खिशाशी, आपल्या सामाजिक इतिहासाशी आणि आपण मुलांना काय शिकवतो याच्याशी जवळचा संबंध आहे, असे माझे मत आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते मत मांडण्याची मुभा मी घेत आहे.

प्रारंभ आपल्याच परिसरापासून करू. संगमनेर हे प्रवराकाठचे गाव. ही नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात थांबते आणि मग आपल्याकडे येते. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि हरिश्चंद्रगड आहेत. तेथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. आपल्या तालुक्याच्या पठार भागात, साकूर-घारगाव-बोट्याच्या बाजूला, पावसाची वाट पाहण्यात वर्षे जातात. पन्नास-साठ किलोमीटरांच्या अंतरात एवढे टोकाचे हवामान असलेल्या या प्रदेशात, उघड्यावर राहणाऱ्या माणसाने शतकानुशतके एकाच वस्तूवर भरवसा ठेवला. ती वस्तू म्हणजे घोंगडी.

घोंगडीला आज आपण फार तर देवघरातील आसन किंवा म्हाताऱ्या माणसांचे पांघरूण म्हणून ओळखतो. वास्तविक ती उघड्यावरच्या जीवनाची संपूर्ण सामग्री होती. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली, की ती छत्रीचे काम करी. रानात मुक्काम पडला, की तीच अंथरूण आणि तीच पांघरूण. खळ्यावर तीत धान्य बांधले जाई. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. वर्षातील कित्येक महिने ज्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, अशांनी जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावरून उतरवली नाही, तिची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा कडक झालेली आहे.

ही घोंगडी टिकते कशी, हे समजून घेणे बोधप्रद आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, राठ आणि बहुधा काळी असते. तलम शालीसाठी ती निरुपयोगी. मात्र घासले जाणे, ओढले जाणे, काट्याकुट्यांत अडकणे ती सहन करते. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतात, लोकर पिंजतात, घरातील स्त्रिया चरख्यावर सूत काढतात आणि सणगर व खुटेकर धनगर समाजांतील कारागीर ते मागावर विणतात. विणण्यापूर्वी सुताला चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे धागा ताठ राहतो आणि माग चालताना तुटत नाही. रंग म्हणाल तर मेंढीचा जो असेल तोच. त्यामुळे तो विटण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी मऊ असते आणि ती विशेष जपली जाते. नीट वापरलेली घोंगडी वीस-पंचवीस वर्षे सहज चालते, आणि अशी घोंगडी घरातील वडीलधाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते.

लोकरीच्या अंगच्या गुणांना विज्ञानाचा आधार आहे. तिचे तंतू सरळ नसून कुरळे असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ती हवाच ऊब राखते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. ती चटकन पेट घेत नाही. शेकोटीजवळ झोपणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. अर्थात तिच्यातही उणिवा आहेत. पूर्ण भिजलेली घोंगडी जड होते आणि लवकर वाळता वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार मराठीने याच अनुभवातून घेतला आहे. न सुटलेल्या प्रश्नाला नाव देण्याइतकी ही वस्तू आपल्या भाषेत मुरलेली आहे.

लोकरीविषयी हा जिव्हाळा केवळ आपल्या मुलखाचा नव्हे. ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसे झाले आणि त्यांचा देह १ मे १९९९ रोजी आठ हजार मीटरहून अधिक उंचीवर सापडला. त्यांच्या अंगावर रेशीम, सूत, लोकर आणि वर गॅबर्डिन असे थर होते. कपड्याच्या आतील बाजूस शिवलेल्या नावाच्या पट्टीवरून त्यांची ओळख पटली. पंचाहत्तर वर्षे ते कापड शिल्लक राहिले याचे मोठे श्रेय तेथील थंडीला आहे. तथापि पुढे त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रती तयार करून २००६ साली एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहण्यात आल्या, तेव्हा ते कपडे हलके, उबदार आणि हालचालीस सोयीचे असल्याचे आढळले. जुने म्हणजे कुचकामी, ही समजूत तपासून घेतली पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

आता आजच्या सामग्रीकडे वळू. आपले विद्यार्थी शैक्षणिक सहलीत कळसूबाई चढतात, हरिश्चंद्रगडावर जातात. त्यांच्या पाठीवर नायलॉनची सॅक असते, अंगात पॉलिएस्टरचे जॅकेट असते, पायांत जाड तळाचे बूट असतात. या वस्तू हलक्या आहेत, लवकर वाळतात, दिसायला छान आहेत. त्यांचे हे गुण नाकारण्याचे कारण नाही. पण अनेक बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ प्लास्टिकचा असतो. हवेतील दमटपणाने त्याचे आतल्या आत विघटन होते. असे बूट न वापरता कपाटात जपून ठेवले, तरी काही वर्षांनी पहिल्याच चढणीवर तळ भुगा होऊन गळून पडतो. सॅकच्या आतील जलरोधक लेपाचीही तीच गत. तो आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. म्हणजे जपणे हा उपाय येथे चालत नाही, कारण वस्तूचे आयुष्य ती तयार होतानाच ठरून गेलेले असते.

याच्या शेजारी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ठेवून पाहावा. कराडजवळच्या त्या कारखान्यातील कंदिलांनी महाराष्ट्रातील किती घरांत, गोठ्यांत आणि पायवाटांवर उजेड दिला असेल, याची गणती नाही. या कंदिलाची काच फुटली तर काच बदलत, वात जळाली तर वात बदलत. कंदील तोच राही. पितळी भांड्याला कल्हई करून घेत, वहाणेचा अंगठा तुटला तर तो शिवून घेत, पेटीची बिजागरी ठोकून घेत. वस्तू कधीतरी बिघडणार, हे गृहीत धरूनच ती घडवलेली असे आणि दुरुस्त करणारा माणूस गावातच असे. दशकानुदशके टिकणाऱ्या वस्तूंचे रहस्य त्यांच्या मजबुतीत जितके आहे, तितकेच त्या पुन्हा उघडता, शिवता, सांधता येण्यात आहे.

येथवरचे विवेचन अनेकांना मान्य होईल. खरा प्रश्न यापुढे आहे, आणि आपल्यासारख्या विद्यालयात तो टाळून चालणार नाही. जुन्या वस्तूचे कौतुक करणे ज्यांना परवडते, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांना जुनेच वापरण्याची सक्ती होती, त्यांच्या नातवंडांना आपण कोणत्या तोंडाने ठिगळाचे महत्त्व सांगावे?

हा आक्षेप गंभीर आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांच्या अंगावरील वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, असे विधान आहे. म्हणजे फाटके वस्त्र आणि फुटके भांडे हा दारिद्र्याचा परिणाम तर होताच, शिवाय तो कायद्याने लादलेला दर्जाही होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात वेशभूषेचा प्रश्न आवर्जून घेतला. जात ओळखू यावी असा पेहराव टाकून द्या आणि स्वच्छ राहा, असा त्यांचा आग्रह होता. वस्त्राचा आणि माणुसकीच्या दर्जाचा संबंध त्यांनी इतक्या स्पष्टपणे जोडला. म्हणून वस्तीतला एखादा बाप मुलाला वसतिगृहात पाठवताना उसनेपासने करून नवी कोरी बॅग घेतो, तेव्हा त्याला उधळ्या म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या नव्या बॅगेत त्याने काही पिढ्यांचा हिशेब चुकता केलेला असतो.

मग टिकाऊपणाचा आग्रह सोडून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. कारण याच प्रश्नाचे एक जुने उत्तर बौद्ध परंपरेत उपलब्ध आहे आणि ते विनयपिटकात अगदी व्यवहाराच्या भाषेत सांगितलेले आहे.

भिक्षू हा वर्षातील आठ-नऊ महिने चालत असणारा माणूस. त्याच्या गरजेच्या वस्तू आठ: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि सुई. उघड्यावरच्या जीवनासाठी याहून आटोपशीर यादी क्वचितच कोणी केली असेल. तीत सुईला स्थान आहे, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. वस्तू वापरण्याचा अधिकार आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारी तेथे एकाच माणसाला एकाच वेळी दिलेली आहे. पात्राविषयी तर नियमच आहे: जुन्या पात्राला पाच ठिकाणी सांधण्याची वेळ येण्यापूर्वी भिक्षूने नवे पात्र मागून घेऊ नये.

चुल्लवग्गात कौशांबीच्या उदेन राजाचा प्रसंग आहे. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद स्थविरांना पाचशे वस्त्रे दान दिली. हे समजल्यावर राजाला संशय आला, की भिक्षू एवढ्या वस्त्रांचा व्यापार करणार की काय. त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्यांना ही वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. ती झिजली की पायपुसणी, पायपुसणी झिजली की धूळ झटकण्याची फडकी, आणि फडकीही संपली की त्यांचे तुकडे चिखलात मळून त्याने जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. पोतेरे होऊन भुईला मिळेपर्यंत कापडाचा प्रवास आपल्या आजीच्या घरातही असाच होत असे. फरक एवढाच, की तेथे राजा येऊन विचारीत नसे.

पांसुकूल, म्हणजे कचऱ्यातून व स्मशानातून गोळा केलेल्या चिंध्यांचे चीवर, हे तर याहूनही विचार करावयास लावणारे आहे. भगवान बुद्धांनी आपले झिजलेले पांसुकूल चीवर महाकाश्यपांना दिले आणि त्यांचे मऊ वस्त्र स्वतः घेतले, अशी नोंद संयुत्तनिकायात आहे. महाकाश्यपांनी तो आपल्या आयुष्यातील मोठा सन्मान मानला. स्मशानातील वस्त्र मनुस्मृतीतही आहे आणि धम्माच्या परंपरेतही आहे. एका ठिकाणी ते माणसावर लादलेले आहे, दुसऱ्या ठिकाणी माणसाने ते स्वतः निवडले, धुतले, कापले, शिवले आणि रंगवले आहे. चिंधी तीच, तिचा अर्थ ती कोणाच्या इच्छेने अंगावर आली यावर ठरला.

माझ्या मताचा गाभा हाच आहे. उतरण आणि वारसा या दोन शब्दांतील अंतर मुलांना समजले पाहिजे. देणाऱ्याला नकोशी झालेली वस्तू घेणाऱ्याने मुकाट्याने घ्यावी, ही उतरण. जी वस्तू कोणीतरी निगुतीने सांभाळली, दुरुस्त केली आणि पुढच्याच्या हाती धड अवस्थेत दिली, तो वारसा. पहिलीचा त्याग करण्याची शिकवण आपल्याला महाडने दिली. दुसऱ्याचा स्वीकार करण्याची शिकवण विनयात आहे. या दोहोंत विरोध नाही.

शिवाय टिकाऊपणाच्या अभावाची किंमत गरिबालाच अधिक मोजावी लागते. समजा, चारशे रुपयांची बॅग दरवर्षी फाटते; दहा वर्षांत चार हजार रुपये गेले. पंधराशेची बॅग दोनशे-तीनशे रुपयांच्या दुरुस्तीसह दहा वर्षे चालली, तर निम्म्याहून अधिक रक्कम वाचते. हे गणित मजुरी करणाऱ्या पालकालाही कळते. त्याच्यापाशी जून महिन्यात एकरकमी पंधराशे रुपये नसतात, हीच अडचण. जे एकट्याला साधत नाही ते संस्थेला साधते. संस्था त्यासाठीच असते.

म्हणून काही सूचना नम्रतापूर्वक कराव्याशा वाटतात. पहिली सूचना दुरुस्तीच्या तासाची. वसतिगृहात आठवड्यातून एक दुपार प्रत्येक मुलाने आणि मुलीने धावदोरा घालणे, काज-बटण करणे, रफू करणे, ठिगळ लावणे, चेनचा रनर बदलणे, वहाणेला टाका घालणे शिकावे. शिकवण्यासाठी बाजारपेठेतील शिंपी आणि चर्मकार बंधूंना रीतसर मानधन देऊन बोलवावे व त्यांना ‘गुरुजी’ म्हणावे. या सूचनेमागे काटकसरीहून मोठा हेतू आहे. आरी आणि रापी ही हत्यारे आपल्या समाजात एका जातीच्या गळ्यात बांधली गेली, म्हणून ती हीन ठरली. सर्व जातींची मुले एकाच सतरंजीवर बसून जोडा शिवू लागतील, तेव्हा ते काम जातीचे न राहता कौशल्य होईल. ज्या घरातील मुलाला हे काम वंशपरंपरेने ठाऊक आहे, त्याला त्या दिवशी मान खाली घालावी लागणार नाही. उलट इतर मुले त्याच्याकडे टाका कसा घालायचा ते विचारायला येतील.

दुसरी सूचना वारशाच्या नोंदवहीची. दहावी-बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने आपली पेटी, सॅक किंवा पांघरूण विद्यालयाला द्यावयाचे असेल, तर ते आधी स्वतः दुरुस्त करून, धुऊन द्यावे आणि वहीत स्वतःचे नाव व वर्ष लिहावे. नव्या विद्यार्थ्याने ते घ्यावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. नकार देण्याचा हक्क शाबूत असेल, तरच स्वीकाराला अर्थ आहे.

तिसरी सूचना खरेदीची. आज दख्खनी लोकरीला भाव राहिलेला नाही. कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून अनेक मेंढपाळ लोकर फेकून देतात, आणि मांसासाठी वजनदार पण कमी लोकरीच्या माडग्याळ जातीशी संकर वाढत आहे. विणकर माग सोडून मजुरीकडे वळतात. विद्यालयाने दरवर्षी थोड्या जरी घोंगड्या थेट विणकरांकडून घेतल्या, तर एका घरचा माग चालू राहील आणि थंडीत मुलांना असे पांघरूण मिळेल, जे त्यांच्या धाकट्या भावंडांच्याही उपयोगी पडेल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ज्या वस्तूवर जीव टांगलेला असतो, तिच्याबाबतीत जुनेपणाचा मोह धरू नये. गिर्यारोहणाचा दोर फारसा वापरला नसला तरी दहा वर्षांनंतर बाद करावा, असे तो बनवणारेच सांगतात. आपटलेले हेल्मेट वरून शाबूत दिसले तरी निकामी समजावे. सांभाळण्यामध्ये कधी थांबावे हे ओळखणेही येते. आनंद स्थविरांनी फाटक्या चीवराला कायम चीवरच ठेवले नाही. वेळ आली तेव्हा त्याचे पायपुसणे केले.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या अधिकारी होईल, शेतकरी होईल, कारखान्यात जाईल किंवा परदेशी जाईल. त्याने नवे कपडे जरूर घ्यावेत, चांगले बूट घ्यावेत, ताठ मानेने वावरावे. मात्र त्याच्या सामानात सुई-दोऱ्याची एक डबी असावी आणि ती वापरताना त्याला कोणाची लाज वाटू नये. एवढे साधले, तर पेटीचे पत्रे कितीही वर्षे टिकोत, शिक्षण टिकले असे म्हणता येईल.